दारं धरणाऱ्याच्या हातातली बॅटरी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शेतीवर लिहिताना धरणं येतात, कालवे येतात, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने येतात, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार येतो. मध्यरात्री उसाला दारं धरणाऱ्या माणसाच्या हातातली बॅटरी मात्र कुठेच येत नाही. मोटारपंपाची नोंद होते, पाइपलाइनची होते, अलीकडे ठिबकच्या नळ्यांचीही होते. बॅटरी मोजली जाते ती घरातल्या किरकोळ सामानात, छत्री-कुलपाच्या रांगेत. ही मोजणीच चुकली आहे असं माझं मत आहे. या भागात बॅटरी हे ओलिताचं अवजार आहे, खोऱ्याच्या बरोबरीचं. तिच्याकडे अवजार म्हणून पाहिलं, की जुन्या पितळी किंवा पत्र्याच्या बॅटरीत एलईडीचा बल्ब बसवण्याच्या खटपटीचा अर्थ लागतो. ती खटपट हौस म्हणून सोडून देण्यासारखी नाही, हेही मग पटतं.

आधी रात्रीचं काम आलं कुठून, ते पाहिलं पाहिजे. कारण ते इथे पहिल्यापासून नव्हतं. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंत डोंगरपट्टा आहे. महादेव कोळ्यांची वस्ती, पावसावरचा भात, हिरड्याची झाडं. तिथे रात्री बाहेर पडावं लागलं तर चूड पेटवायची, पुढे रॉकेलचा कंदील आला. पण रात्री पिकाला पाणी द्यायचं कामच नव्हतं. पूर्वेच्या सपाटीवर बाजरी होती आणि जिथे विहिरीला पाणी होतं तिथे मोट होती. मोट बैल ओढत. पहाटे जुंपलेले बैल सुटले की पाणी थांबलं. जनावराला रात्री विश्रांती लागते, म्हणून माणसालाही रात्र मिळत होती. ही शिस्त मोडली ती विजेच्या पंपाने आणि कालव्याने. कुकडी प्रकल्पाची येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं काही दशकांत एकेक करून उभी राहिली. त्यांतलं घोड नदीवरचं डिंभे सुमारे साडेतेरा टीएमसीचं. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कालव्याला आवर्तन सुटलं की ते सूर्य मावळला म्हणून बंद होत नाही. पाळीपाळीने पाणी घ्यायचं तर कुणाची तरी पाळी रात्री येणारच. नदीकाठी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, त्यांतून उपसा करणारे पंप बसले, आणि पाण्याचं वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकाला बांधलं गेलं.

विजेचं वेळापत्रक तर सरळ रात्रीकडे झुकलेलं. शेतीच्या वाहिन्यांना थ्री फेज पुरवठा चक्राकार पद्धतीने देण्याची रीत महाराष्ट्रात पडली: काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री 10 तास. शहरांची आणि कारखान्यांची मागणी उतरली की उरलेली वीज शेताला, हा त्यामागचा हिशेब. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तो हिशेब फारच टोकाला गेला. अशा रात्री शेतकरी नेमकं काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सरीच्या तोंडाशी खोऱ्याने माती बाजूला करून पाणी आत घ्यायचं, सरी शेवटापर्यंत भिजली की दारं मोडून पुढची सरी उघडायची. यात दोन वेगळ्या प्रकारचा उजेड लागतो. पायाशी लागतो, कारण खोरं तिथे चालायचं असतं आणि खेकड्याच्या किंवा उंदराच्या बिळातून पाणी भलतीकडे तर जात नाही ना, ते पाहायचं असतं. आणि लांबवर लागतो, कारण सरीचं दुसरं टोक दूर असतं आणि मध्ये डोक्यावर गेलेला ऊस असतो. कंदिलाने पहिलं काम कसंबसं व्हायचं, दुसरं होत नसे. शिवाय वाऱ्यात काच तडकायची आणि वाकलं की तेल सांडायचं. म्हणून बॅटरी आली, आणि कालव्यामागोमाग आली. हा क्रम माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार आहे.

बॅटरीचा स्वतःचा इतिहास तसा तोवर जुना झालेला होता. हातात धरायच्या नळीदार दिव्याचं पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिझेल यांना 1899मध्ये मिळालं. त्यात बसणारा जाड सेल, ज्याला आजही डी आकाराचा म्हणतात, तो त्याच्या आदल्याच वर्षीचा. जस्ताची डबी, मध्ये कार्बनची कांडी आणि भोवती काळा मसाला, ही त्या सेलची रचना अजून फारशी बदललेली नाही. भारतात एव्हरेडीची कंपनी 1934मध्ये कलकत्त्यात नोंदवली गेली आणि 1958मध्ये लखनौला तिचा बॅटऱ्यांचा कारखाना निघाला. अलाहाबादची जीप ही तिची मोठी स्पर्धक. एव्हरेडीच्या ‘जीवनसाथी’ या पितळी बॅटरीने खेडोपाडी घर केलं. ही कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली, आणि भोपाळमध्ये डिसेंबर 1984च्या त्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला तो याच कंपनीचा होता. खेड्यातल्या रात्रीला उजेड देणारं नाव आणि एका शहराच्या रात्रीवर कायमचा डाग ठेवणारं नाव एकच, हे या इतिहासातून वगळता येत नाही. 1994मध्ये खेतान समूहाने ती कंपनी घेतली आणि एव्हरेडी हे नाव तेवढं पुढे चालू राहिलं.

त्या जुन्या बॅटरीकडे पुन्हा पाहिलं की तिच्या रचनेतलं शहाणपण दिसतं. नळी पितळेची किंवा पत्र्याची, पुढे काच आणि घासूनपुसून चकचकीत ठेवायची वाटी, मागे स्प्रिंग असलेलं आट्यांचं झाकण. कित्येक बॅटऱ्यांच्या त्या मागच्या झाकणात एक जादा बल्ब ठेवायची जागा असायची. म्हणजे करणाऱ्यालाच ठाऊक होतं, की बल्ब हा संपणारा भाग आहे आणि तो शेतातच, अंधारातच बदलावा लागणार आहे. बल्बच्या गळ्याभोवती एक पत्र्याची चकती असते. ती वाटीच्या भोकात अडकते आणि तिच्यामुळे बल्बची तार वाटीच्या नेमक्या केंद्राशी येते. या चकतीचं माप ठरलेलं, सेलचं माप ठरलेलं. कंपनी कोणतीही असो, ओतूरच्या दुकानातला बल्ब मंचरच्या बॅटरीला बसायचा. झिजणारा भाग वेगळा, टिकणारा भाग वेगळा आणि दोघांमधलं माप सर्वांसाठी एक, असं हे अवजार होतं. खोऱ्याचा दांडा मोडला म्हणून कुणी पातं फेकत नाही, तोच न्याय.

दुबळेपणा होता तो बल्बच्या पोटात. दोन सेलच्या बॅटरीचा बल्ब साधारण अडीच व्होल्टचा, तीन सेलचा पावणेचार व्होल्टच्या आसपासचा, तो 0.3 ते 0.5 अँपिअर वीज ओढायचा आणि तिचा बहुतेक भाग उष्णतेत घालवायचा. दोन सेलचा जो बल्ब जगभर सर्वाधिक खपला, त्याचं अधिकृत आयुष्य अवघं 15 तासांचं आणि उजेड 10 ल्युमेनच्या घरात. 10 तासांच्या पाळीला हा हिशेब पुरत नाही. म्हणून रात्रभर बॅटरी चालू ठेवायची सोयच नव्हती: लावायची, सरी पाहायची, विझवायची आणि पुन्हा अंधारात उभं राहायचं. थकलेले सेल दिवसा उन्हात ठेवायची सवय याच काटकसरीतून आली. तिला आधारही आहे, कारण ऊब मिळाली की सेलमधली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते आणि दमलेला सेल आणखी काही मिनिटं देतो. काढायचे राहिलेले सेल मात्र फुगायचे, त्यांना पाणी सुटायचं, आणि हिरवट पडलेली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासत बसावं लागायचं.

या दुबळेपणावर उतारा मिळाला तो एलईडीचा. झगझगीत निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानमध्ये 1993 साली प्रत्यक्षात आणला, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड देणारा एलईडी 1996मध्ये बाजारात आला, आणि 2014चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी मिळालं. या एलईडीचा उजेड थोड्या विजेत कित्येक पट, आणि आयुष्य हजारो तासांचं. पण तो जुन्या बॅटरीत बसवायचा म्हणजे नुसता बल्ब फिरवून काढणं-घालणं नव्हे. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण 3 व्होल्ट किंवा जास्त लागतात, आणि दोन कोऱ्या सेलचे मिळून जेमतेम 3 होतात. सेल अर्धे वापरले की दाब उतरतो आणि साधा एलईडी मंदावतो. म्हणून दोन सेलसाठीच्या चांगल्या बदली बल्बच्या गळ्यात दाब वाढवणारं एक इवलंसं सर्किट असतं. ते सेलमधला उरलासुरला जीवही वापरून घेतं. तीन सेलच्या बॅटरीत त्याची निकड कमी. सेलची दिशाही पाहावी लागते: तारेच्या बल्बला उलटे-सुलटे सेल सारखेच, एलईडी मात्र उलट्या सेलवर पेटत नाही आणि बल्बच बिघडला असा समज होतो. उष्णतेची अडचण वेगळी. एलईडी हाताला थंड लागत असला तरी त्याच्या आतली चिप तापते, आणि ती उष्णता बाहेर न्यायला जुन्या बॅटरीत गळ्याच्या चकतीखेरीज वाट नाही. म्हणून या बल्बांना साधारण एका वॉटच्या आसपासच राहावं लागतं. डब्यावर त्याहून मोठे आकडे छापलेले दिसले तर सावध व्हावं.

खरी गोम आहे वाटीची. तार चहूबाजूंना उजेड फेकते आणि वाटी तो गोळा करून सरळ रेषेत पाठवते. एलईडी मात्र फक्त पुढे उजेड टाकतो. तो बसवला की वाटीला काम उरत नाही, पायाशी भरपूर पांढरा उजेड पडतो आणि लांबची झोत हरवते. ज्यांनी हा बदल करून पाहिला त्यांची तक्रार बहुधा याच जागी असते आणि ती रास्त आहे. त्यावर दोन उपाय निघाले. एक, ज्यांचं तोंड फिरवून झोत लांब-आखूड करता येते अशा जुन्या बॅटऱ्यांत एलईडी केंद्राजवळ आणता येतो. दुसरा, एका बारीक खुंटीच्या बाजूंना एलईडी लावलेले बल्ब आले, ते उजेड वाटीवर आडवा टाकतात आणि जुन्या तारेची जागा बऱ्यापैकी भरून काढतात. म्हणजे प्रश्न एलईडी चांगला की तार चांगली हा नाही. कोणत्या वाटीला कोणता बल्ब, हा आहे. अवजाराला धार लावताना जशी अक्कल लागते तशी इथे लागते, आणि ती शिकवणारं कुणी नसल्यामुळे पुष्कळांनी एकदा चुकीचा बल्ब घेऊन नाद सोडला.

झोत लांब जाते की नाही हा इथे जिवाशी जोडलेला प्रश्न आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कालव्याने ऊस आणला, आणि बाराही महिने उभ्या असलेल्या उसात बिबट्यांनी संसार थाटला. माद्या तिथेच वितात, पिल्लं तिथेच वाढतात. 2001 ते 2003 या काळात मोठ्या संख्येने बिबटे पिंजऱ्यात धरून लगतच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की त्याआधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले या काळात 17वर गेले. हलवून प्रश्न सुटत नाही, हे तेव्हा कळलं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं, तरी उसातला बिबट्या उसातच राहिला. म्हणजे रात्रीच्या पाळीला जाणाऱ्याला त्याच्या शेजारातच काम करायचं आहे. बिबट्याच्या डोळ्यांच्या आत मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. बॅटरी आपल्या डोळ्याच्या उंचीवर धरून बांधाच्या टोकाला झोत टाकली तर तो डोळ्यांच्या चमकेवरून लांबूनच कळतो. पायाशी पसरणाऱ्या उजेडाने हे होत नाही. उलट घोणस, नाग, मण्यार यांच्यासाठी पायाशीच उजेड हवा. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरच्या उपचारांसाठी दूरवर ओळखले जातात. या भागात त्या कामाला आयुष्य द्यावं लागतं, यावरूनच रात्रीच्या पावलाची किंमत समजावी.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की बॅटरी सुधारण्यात काय अर्थ, दिवसा वीज द्या म्हणजे प्रश्नच संपेल. दिवसा विजेची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे आणि तिच्या आड बॅटरी येता कामा नये. 2017मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच मागणीचं उत्तर म्हणून आली, आणि ती जितकी लवकर शेवटच्या वाहिनीपर्यंत जाईल तितके जीव वाचतील. पण ज्यांचं पाणी कालव्याच्या पाळीवर आहे त्यांची रात्र सौर वाहिनीने संपत नाही. ठिबक आणि ऑटो स्टार्टर यांनी काम हलकं केलं हेही खरं. तरी कॉक बदलायला, फुटलेली नळी शोधायला, जळालेला फ्यूज पाहायला माणूस जातोच. बिबट्याच्या बाबतीत तर बॅटरी हे संरक्षण नव्हे, हे ठासून सांगितलं पाहिजे. एकट्याने न जाणं, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावणं, हातात काठी असणं आणि वाकून-बसून काम करताना आजूबाजूला लक्ष ठेवणं, ही खबरदारी बॅटरीने रद्द होत नाही. हल्ल्यांत लहान मुलं जातात ती बहुतेकदा घराच्या आसपास, तिन्हीसांजेला. तिथे गोठ्याचा आणि अंगणाचा दिवा महत्त्वाचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दोन-चारशे रुपयांत चार्जिंगची एलईडी बॅटरी मिळते, सेल विकत घ्यायला नकोत, मोबाईललाही दिवा आहे. मग जुन्या नळीत जीव कशाला अडकवायचा? रोज लागणारा उजेड आणि घरात वीज असेल तर चार्जिंगची बॅटरी रोजच्या खर्चात स्वस्त पडते, यात वाद नाही. दोन्ही हातांनी खोरं चालवणाऱ्याला डोक्याला लावायची बॅटरी हातातल्या बॅटरीपेक्षा सोयीची, हेही मान्य केलं पाहिजे. पायाजवळच्या उजेडाचं काम तिने जिंकलंच आहे. मोबाईलच्या दिव्याचं मात्र मला पटत नाही. त्याला वाटी नाही, झोत चार पावलांवर विरते, आणि रात्री मदतीला हाक मारायचं जे एकमेव साधन, त्याचीच शक्ती त्यात संपते. चार्जिंगच्या स्वस्त बॅटरीचा दोष ती बिघडल्यावर दिसतो. आतला संच चिकटवलेला, एलईडी पट्टीला डाख दिलेला, चार्जिंगची पिन त्या एकाच बनावटीची. एखाद-दोन पावसाळ्यांत संच दमला, की पूर्ण वस्तू भंगारात. ज्या रचनेत झिजणारा भाग वेगळा होता तिच्या जागी आपण सगळंच एकत्र झिजणारी रचना घेतली. पितळी नळ्या वजनावर मोडीत गेल्या आणि पितळेचे चार पैसे आले, पण तीस वर्षं टिकणारं अवजार गेलं.

जुन्या बॅटरीत एलईडी बसवणं याला मी म्हणूनच महत्त्व देतो. शंभरेक वर्षांपूर्वी ठरलेल्या मापाच्या भोकात या शतकातला दिवा बसला, कारण ते माप कुणा एका कंपनीच्या मुठीत नव्हतं. जी वस्तू उघडता येते तिच्यात नवं ज्ञान शिरू शकतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि नंतर संकेतस्थळ काढलं. त्यात मोबाईल, वाहनं, घरगुती टिकाऊ वस्तू यांच्यासोबत शेतीची अवजारं हा स्वतंत्र वर्ग आहे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची चर्चा तिथे होते तशी रात्री पाणी देणाऱ्याच्या दिव्याचीही व्हायला हवी. सुटा संच, सुटा एलईडी, ठरलेली पिन, ही मागणी फार मोठी नाही.

तोवर करण्यासारखं आपल्या हातात आहे ते एवढं: माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात जुनी धातूची बॅटरी पडली असेल तर ती मोडीत घालू नका. सेल काढा, स्प्रिंग आणि झाकणाचे आटे घासा, वाटी मऊ कापडाने पुसा. बल्ब घेताना दोन सेलसाठी की तीन सेलसाठी हे विचारून घ्या, दोन सेलसाठी दाब वाढवणाऱ्या सर्किटचा मागा, आणि दुकानातच नव्हे तर रात्री बांधावर लावून झोत किती जाते ते पाहून मगच ठेवा. आणि गावोगावच्या सोसायट्यांनी व साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांनी खत-बियाण्यांबरोबर असे बल्ब आणि चांगले सेल आपल्या दुकानात ठेवावेत, अशी त्यांना विनंती आहे.